पास झालं तर रेणुकेनं, नापास झालं तर लेकरानं

आई-बाबांनो, दहावीचा निकाल लागला की दोन-चार दिवस माहूरगडावर रेणुकादेवीच्या पायऱ्यांवर नेहमीच्या यात्रेकरूंमध्ये आपल्या तालुक्यातली-आसपासची ओळखीची मंडळी दिसायला लागतात. कोणी वाई बाजारहून आलेलं, कोणी सिंदखेडहून, कोणी पैनगंगा ओलांडून पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातून. हातात ओटीचं सामान आणि नारळ, परतताना तांबुलाचा प्रसाद. विचारलं की बाप छाती फुगवून सांगतो, "आईची कृपा मास्तर, पंच्याऐंशी टक्के पडले." लेकरू बाजूला उभं असतं. पहाटे उठून पुस्तक घेऊन बसलेलं तेच, पण त्या वाक्यात त्याचं नाव नसतं.

ज्यांच्या घरी निकाल वाईट लागला ते त्या आठवड्यात गडावर फारसे येत नाहीत. त्यांच्या घरात काय बोललं जातं, ते शाळेच्या ओसरीत ऐकू येतं. "याच्या डोक्यात भुसा भरलाय." "हिचं लक्षच नव्हतं." "मोबाइलनं वाटोळं केलं." "कामून कमी पडले, विचारा त्यालाच." रेणुकेनं काही केलं नाही असं तिथं कोणी म्हणत नाही. जमेच्या बाजूला देवीचं नाव, शिक्षकाचं, आईबापाच्या पुण्याईचं. खर्चाच्या बाजूला एकट्या लेकराचं. या तालुक्यात इतकी वर्षं मास्तरकी केली, पण हा हिशोब मला कधी पटला नाही. श्रद्धेला माझा आक्षेप नाही. श्रेय आईच्या पायाशी ठेवायला मलाही आवडतं. मला एवढंच विचारायचंय की यश आलं तेव्हा लेकरू कुठं होतं, आणि अपयश आलं तेव्हा बाकीचे सगळे कुठं गेले?

कोणतीही गोष्ट घडली की माणूस तिचं कारण शोधतो. फ्रिट्झ हायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1958 साली या सवयीवर पुस्तक लिहिलं. रस्त्यावरचा साधा माणूससुद्धा दिवसभर "हा असा का वागला" याचा तपास करत असतो, असं त्याचं म्हणणं. पुढं बर्नार्ड वायनर यांनी परीक्षेतल्या यशापयशावर बारीक काम केलं. त्यांनी पाहिलं, की मुलं आणि मोठी माणसं साधारण चार कारणं सांगतात: अक्कल, कष्ट, पेपर सोपा-अवघड असणं आणि नशीब. पण कारण कोणतं सांगितलं यापेक्षा त्या कारणाची जात कोणती, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. ते माझ्या आत आहे की बाहेर? कायमचं आहे की आजपुरतं? माझ्या हातात आहे की नाही? "मला डोकंच नाही" हे कारण आतलं, कायमचं आणि हाताबाहेरचं. असं कारण ज्यानं मनात धरलं त्यानं पुन्हा पुस्तक का उघडावं? "अपूर्णांकाची उदाहरणं मी सोडवलीच नव्हती" हेही आतलंच कारण आहे, पण पुढच्या आठवड्यात बदलता येणारं. गुणपत्रिका तीच, गणितातले बावीस गुण तेच, पण उद्या सकाळी लेकरू काय करील ते या दोन वाक्यांतल्या फरकावर ठरतं.

आणि ही वाक्यं लेकराला सुचत नाहीत. ती आपली असतात. आपण बोलतो, ते उचलतं.

आपल्याकडं कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. साडेसाती आहे. नजर लागली आहे. नव्या सुनेचा पायगुण आहे. संगत वाईट आहे. "बापावर गेलाय, त्याच्या घराण्यातच शिक्षण नाही" असं आई म्हणते, आणि तेच वाक्य बाप मामाकडं बोट दाखवून म्हणतो. पोरीला परीक्षेच्या आधी फिट आल्यासारखं झालं तर अजूनही काही घरांत डॉक्टरच्या आधी भगताकडं नेलं जातं. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली किती बायकांनी काय सोसलं ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. घरात ज्या बाईला काही बोलता येत नव्हतं ती किंचाळली, भुंकल्यासारखे आवाज काढले की तिला कोणीतरी काहीतरी केलं, असं ठरायचं. तिला कसली धास्ती आहे, तिचा जीव कशानं मेटाकुटीला आलाय, हे विचारायची गरजच उरायची नाही. आता भानामती कमी झाली आणि तिच्या जागी मोबाइल आला. लेकरू गप्प झालं, मोबाइल. चिडलं, मोबाइल. जेवलं नाही, मोबाइल. मोबाइलचा त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागायला लागली की आपण कुलूप पाहणंच सोडून देतो. वर्गात कोणी त्याला चिडवतं का, फळ्यावरचं त्याला दिसतं का, हे प्रश्न तसेच राहतात. चष्म्याचा नंबर असलेली आणि 'अभ्यासात मंद' ठरलेली मुलं मागच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत.

दुसरी एक खोड आपल्या सगळ्यांना आहे. तुम्ही पंचायत समितीत उशिरा पोचलात तर कारण एसटी. रस्ता खराब, घाटात ट्रक बंद पडलेला. लेकरू शाळेत उशिरा पोचलं तर कारण आळस. स्वतःच्या बाबतीत आपण परिस्थिती सांगतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत स्वभाव. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1971 मध्ये हा फरक मांडला. सहा वर्षांनी ली रॉस यांनी दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा विसरून स्वभावालाच धरण्याच्या चुकीला 'मूलभूत' म्हटलं. उगीच नाही म्हटलं. आपल्या गडावरचीच कथा पाहा ना.

रेणुका नदीवर पाणी आणायला गेली. तिथं गंधर्वराजा चित्ररथाची जलक्रीडा चालली होती. क्षणभर तिचं मन तिकडं गेलं आणि होमाच्या वेळेला उशीर झाला. पुराण तिच्याविरुद्ध यापेक्षा जास्त काही सांगत नाही. तिच्या पतीनं, जमदग्नी ऋषींनी, त्या एका क्षणावरून अख्खी रेणुका ठरवून टाकली. इतक्या वर्षांचा संसार, तिनं वाढवलेली मुलं, रोज वेळेवर आलेलं पाणी, सगळं हिशोबाबाहेर गेलं. थोरल्या मुलांना सांगितलं हिला मारा; त्यांचा हात उठला नाही. धाकट्या परशुरामानं बापाचा शब्द पाळला. बाप प्रसन्न झाला आणि वर माग म्हणाला, तेव्हा मुलानं आई परत मागितली आणि तिला मारल्याची आठवण तिला राहू नये, हेही मागितलं. कीर्तनात इथं पितृआज्ञेवर तासभर बोलतात. मला मात्र त्या दुसऱ्या मागणीपाशी थांबावंसं वाटतं. आई जिवंत होऊन भागणार नव्हतं, हे त्या पोराला कळलं होतं. आपल्या रागाच्या भरात निघालेलं "तू आहेसच असा" हे वाक्य लेकराच्या आठवणीतून पुसून देणारा वर आपल्याला कोण देणार?

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतल्या लोकांचं मानसशास्त्र, आपल्याला कशाला? तर त्याचाही एक अभ्यास झालाय, आणि तो आपल्या बाजूचा आहे. जोन मिलर या संशोधिकेनं 1984 साली शिकागोचे अमेरिकन आणि म्हैसूरचे हिंदू यांची तुलना केली. आठ वर्षांची, अकरा वर्षांची, पंधरा वर्षांची मुलं आणि प्रौढ माणसं, दोन्ही ठिकाणची. प्रत्येकाला विचारलं, ओळखीच्या माणसाचं एखादं चांगलं आणि एखादं वाईट वागणं सांगा, आणि तो तसं का वागला तेही सांगा. त्यातली एक गोष्ट म्हैसूरच्याच माणसानं सांगितलेली. एक वकील मोटरसायकलवरून कोर्टाला निघालेला. वाटेत मागं बसलेला माणूस पडला, डोक्याला मार लागला. वकिलानं त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तो तसाच कोर्टात निघून गेला. अमेरिकन माणूस म्हणायचा, वकील बेजबाबदार आहे, स्वतःच्या धंद्याचाच विचार करणारा आहे. भारतीय माणूस म्हणायचा, त्याचा पक्षकार कोर्टात वाट पाहत होता, जाणं त्याला भाग होतं. मार किती गंभीर आहे ते त्याला कळलं नसेल. म्हैसूरचे प्रौढ स्वभावाला कमी धरायचे आणि परिस्थितीला जास्त. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट पुढं आहे: आठ वर्षांची मुलं दोन्हीकडं जवळपास सारखीच होती. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे कारण कुठं शोधायचं याचं वळण जन्माचं नाही. ते घरात, अंगणात, मोठ्यांचं बोलणं ऐकत लागतं.

मग शेजाऱ्याला, पाहुण्याला, वकिलाला आपण इतकं समजून घेतो आणि पोटच्या पोराला "आळशी" या एका शब्दात का गुंडाळतो? मला वाटतं, त्यामागं भीती आहे. पोराचं अपयश आपलंच ठरेल ही भीती. ते टाळायला आपण ते त्याच्या स्वभावावर टाकतो आणि मोकळे होतो.

चुकीच्या कारणाची किंमत किती मोठी असू शकते, हे मराठवाड्यानं पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस आपल्याकडं चावडीवर एकच चर्चा: पाप फार झालं, देव कोपला. असं म्हणणारे काही अडाणीच नव्हते. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं होतं, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला होता. गांधीजींचा हेतू केवढा मोठा होता! तरी कारण चुकलंच. किल्लारीत माणसं मेली ती मोठ्या, जाड दगडी भिंतींच्या घरांत. दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले, वर मातीचं जड माळवद. हलक्या झोपड्या आणि पत्र्याखालची माणसं पुष्कळ ठिकाणी वाचली. पाप कारण मानलं असतं तर होम-शांती करून लोकांनी पुन्हा तशाच भिंती रचल्या असत्या. कारण भिंतीत सापडलं म्हणून नवी घरं वेगळ्या पद्धतीनं बांधली गेली. अपयशाचंही तसंच आहे. लेकराच्या 'पापात' कारण शोधत बसलात तर भिंत तशीच राहते.

आता कौतुकाबद्दल थोडं, कारण चांगल्या घरांत नुकसान बहुतेक इथून होतं. "माझं लेकरू लई हुशार" हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. पहिली कोडी सगळ्यांना जमतील अशी. मग काहींना म्हटलं, तू हुशार दिसतोस. काहींना म्हटलं, तू चांगले कष्ट घेतलेस. एवढाच फरक. पुढच्या वेळी हुशार म्हटलेल्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी सोपं काम निवडलं. अवघड कोड्यांत सगळेच अडखळले, आणि नंतरच्या सोप्या कोड्यांत हुशार म्हटलेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. या मुलांना आपले गुण नाव न देता दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांतल्या जवळपास दहातल्या चौघांनी गुण वाढवून लिहिले. खोटं बोलायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हुशारीचं बिरूद एकदा गळ्यात पडल्यावर ते राखायची पाळी आली, एवढंच. नांदेड-लातूरच्या क्लासला दहावीपर्यंत पहिला आलेला आपल्या खेड्यातला मुलगा जातो आणि पहिल्या चाचणीत तळाला जातो, तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, हे या प्रयोगावरून ओळखता येतं. घरी फोनवर तो गुण वाढवून सांगतो. ते खोटं पकडून त्याला झोडपण्याआधी, कोणत्या भीतीपोटी तो खोटं बोलला ते विचारा.

आणि "बिचारा"! दया दाखवतानाही जपा. सँड्रा ग्रॅहॅम यांनी 1984 मध्ये दाखवलं, की अपयशानंतर मोठ्या माणसानं कीव केली तर मुलं त्यातून 'माझ्यात कुवत नाही' असाच अर्थ काढतात. थोडा राग दाखवला तर उलट 'मी कमी पडलो, म्हणजे मला जमलं असतं' असं समजतात. याचा अर्थ ओरडा, असा काढू नका. पण "जाऊ दे, याला जमणार नाही ते, मी बघितलंय" असं आत्यासमोर प्रेमानं म्हणालेली आई त्याच क्षणी निकाल लावून मोकळी होते.

इथपर्यंत वाचून एखादा बाप म्हणेल, कळलं मास्तर, कष्टाचं कारण सांगायचं. थांबा. कष्टाची काठी करून वापरणंही आपल्याला चांगलं जमतं. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी तांड्यांवरची कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरू बरोबर गेलं तर त्याचं निम्मं वर्ष फडावर जातं. मागं आजीपाशी राहिलं तर चूल, पाणी, धाकटी भावंडं त्याच्या अंगावर. कापूस वेचायच्या दिवसांत वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात. पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता बंद. अशा पोराला गुणपत्रिका दाखवून "कष्ट कमी पडले" म्हणणं हे साफ खोटं आहे. आणि ते म्हणणारा बहुधा नोकरदार असतो. कष्टाच्या गोष्टीनं सगळं पालटतं असं ज्यांना वाटत होतं त्यांनाही नंतर पावलं आवरती घ्यावी लागली. अमेरिकेत 2019 साली हजारो विद्यार्थ्यांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात 'बुद्धी वाढवता येते' या विचारानं मागं पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेसेच, आणि आजूबाजूच्या मुलांचं वळण त्याला पोषक असेल तिथं जास्त. निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नची आपण इतकी वाखाणणी करतो, तीसुद्धा नीट पाहा. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतली मुलं कष्टाळू होतीच. पण भराभर चाचण्या, चुकलेलं पुन्हा करून घेणारे शिक्षक, वेळेत संपणारा अभ्यासक्रम आणि पोराला शहरात ठेवण्यासाठी वावर गहाण टाकणारे बाप, हे सगळं त्यांच्या पाठीशी होतं. पॅटर्न हा शब्दच मुळी व्यवस्थेचा आहे. कौतुक मात्र आपण एकेका टॉपरच्या बुद्धीचं केलं.

म्हणून मला वाटतं, निकालाच्या रात्री घरात तपास करावा तो डॉक्टरसारखा. पोलिसासारखा नको. कोणता धडा? कोणता प्रश्न? पेपरला वेळ पुरला का? सराव झाला होता का, झाला नसेल तर त्या दिवसांत घरात काय चाललं होतं? लग्न होतं का, दवाखाना होता का, आपण दोघं भांडत होतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेकरू लगेच देणार नाही. ते तुम्हालाच द्यावं लागेल.

एक गोष्ट मुलींच्या आयांशी, आणि खरं तर बापांशीही, बोलायची राहिली. मुलगा गणितात पास झाला की "डोकं आहे", मुलगी झाली की "फार घासली बिचारी". येई आणि एकल्स या दोघींनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या पालकांतही हेच पाहिलं: मुलाच्या यशाला प्रतिभा, मुलीच्या यशाला कष्ट. वर मी हुशारीपेक्षा कष्टाच्या कौतुकाची बाजू घेतली, मग यात वाईट काय? वाईट हे, की मुलगा नापास झाला तर तो "करत नाही" म्हणून होतो, मुलगी झाली तर तिला "जमत नाही" म्हणून. त्याला दुसरी संधी मिळते. तिच्यासाठी स्थळ बघणं सुरू होतं. आपल्या तालुक्यात गणितातल्या आठ-दहा गुणांनी किती पोरींची लग्नं ठरली असतील!

तेव्हा तुमच्या घरी पोरीचं गणित किंवा इंग्रजी राहिलं असेल, तर दाखला काढायला शाळेत येण्याआधी हे माहीत असू द्या. 2015 पासून बोर्ड निकालानंतर लगेच पुन्हा परीक्षा घेतं, म्हणजे वर्ष वाया जात नाही. तिचा अर्ज शाळेतूनच भरला जातो. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, ते विषय पुढं सोडवता येतात. निकालाच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांना अर्जाची शेवटची तारीख विचारा. आणि विचारायला जाताना पोरीला सोबत घेऊन जा, कुठल्या धड्यात काय अडतं ते तिचं तिलाच सांगू द्या.